रक्तातला आजार, मनातली धास्ती

सिकलसेलच्या रुग्णाला दवाखान्यात मिळणाऱ्या सूचना ठरलेल्या असतात. भरपूर पाणी प्या. थंडीवाऱ्यात उघड्यावर राहू नका. ताकदीबाहेरचं काम करू नका. ताप आला तर अंगावर काढू नका. गोळ्या चुकवू नका. आणि यादीच्या अगदी शेवटी येतं, मनावर ताण घेऊ नका. पाण्याबद्दल, गोळ्यांबद्दल नातेवाईक दोनदा विचारून खात्री करून घेतात. शेवटची सूचना मात्र कुणी फारशी मनावर घेत नाही. ताण काय कुणी हौसेनं घेतं? आणि दोष रक्तात असताना मनाचा इथे काय संबंध?

संबंध आहे, आणि तो आता प्रयोगशाळेत मोजताही येतो. नंदुरबार जिल्ह्यात तर तो समजून घेणं फार गरजेचं आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची यांसारख्या समाजांत सिकलसेलच्या वाहकांचं प्रमाण लक्षणीय आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांपासून नवापूरपर्यंत हा शब्द आता घराघरांत माहीत झाला आहे.

आजाराचं मूळ अगदी बारीक आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटू लागतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20 दिवस. त्यामुळे अंगात रक्त कमी राहतं. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडं, सांधे, पाठ, छाती असह्य दुखू लागते. डॉक्टर याला ‘क्रायसिस’ म्हणतात.

आई आणि वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. उलट हिवतापाच्या गंभीर हल्ल्यापासून त्याला काहीसं संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकून राहिलं, त्यामागचं कारण हेच.

आता गंमत अशी की, आजार जन्मापासून रक्तात असतो, पण क्रायसिस रोज येत नाही. एकाच घरातल्या, तोच दोष असलेल्या दोन भावंडांपैकी एकाला वर्षातून एकदा त्रास होतो, तर दुसऱ्याला महिन्याआड दवाखाना गाठावा लागतो. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अंगात किती टिकून आहे, संसर्ग किती वेळा होतो, पाणी किती प्यायलं जातं, थंडी किती सोसावी लागते, यावर यातलं बरंच अवलंबून असतं. तरीही सगळा फरक एवढ्यानं उलगडत नाही.

उत्तराचा एक धागा वेळेच्या हिशेबात सापडतो. ऑक्सिजन सोडल्याबरोबर पेशी लगेच वाकत नाही, त्याला थोडा अवधी लागतो. तेवढ्यात ती बारीक रक्तवाहिनीतून निसटून मोठ्या शिरेत पोहोचली, तर पुन्हा फुप्फुसाकडे जाते, ऑक्सिजन घेते आणि सावरते. पण रक्तवाहिनी आकसली आणि प्रवाह मंदावला, तर पेशीला अरुंद जागेतच वाकायला वेळ मिळतो आणि वाट तुंबते. थंडीनं क्रायसिस का येतो, ते यावरून कळतं. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात. मग प्रश्न उरतो की, आणखी कशानं आकसतात?

लॉस एंजेलिसच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधले रक्तरोगतज्ज्ञ थॉमस कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न धरून प्रयोग केले. सिकलसेलचे रुग्ण आणि आजार नसलेली माणसं अशा दोन्ही गटांना त्यांनी डोक्याला ताण देणारी कामं दिली आणि त्या वेळी बोटातला रक्तप्रवाह मोजला. स्मरणशक्तीची कसोटी घेतली, रंग आणि शब्द यांचा घोळ घालणारी चाचणी दिली. शिवाय, आता तुम्हाला वेदना होणार आहे, असंही सांगितलं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा, की मानसिक ताणानं दोन्ही गटांच्या रक्तवाहिन्या आकसल्या आणि सगळ्यात जास्त आकसल्या त्या येणाऱ्या वेदनेच्या नुसत्या धास्तीनं. निरोगी माणसाचं त्यानं काही बिघडत नाही. ज्याच्या पेशी वाकायला टपलेल्या आहेत, त्याच्यासाठी मात्र हे आकसणं महागात पडू शकतं. प्रयोग बोटातल्या प्रवाहाचा होता, आणि तेवढ्यावरून प्रत्येक क्रायसिस ताणानंच येतो असं कुणी म्हणत नाही. पण वाट कोणती आहे, हे मात्र दिसलं.

यातला क्रूर भाग असा की, धास्ती कशाची, तर वेदनेची. ज्यानं एकदा क्रायसिस सोसला आहे, त्याच्या मनात पुढच्या क्रायसिसची भीती घर करून बसते आणि ती भीतीच पुढच्या दुखण्याला हातभार लावू शकते.

रुग्णांच्या रोजच्या आयुष्यातही हे दिसलं आहे. अमेरिकेतल्या कॅरन गिल यांनी सिकलसेल असलेल्या प्रौढांना रोजनिशी ठेवायला लावलं. आज किती दुखलं, मन कसं होतं, ताण किती होता, एवढंच लिहायचं. 2004 मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार ताण वाढलेल्या दिवशी दुखणंही वाढलेलं होतं आणि मन प्रसन्न असलेल्या दिवशी ते कमी होतं. व्हर्जिनिया राज्यातल्या 232 रुग्णांच्या रोजनिश्यांवर आधारलेला दुसरा अभ्यास 2008 मध्ये आला. त्यात निम्म्याहून अधिक दिवस रुग्णांना वेदना होत्या, पण दवाखान्याची मदत घेतलेले दिवस शंभरात चारही नव्हते. बाकी सगळं दुखणं घरातच, दात-ओठ खाऊन काढलेलं. ज्यांना नैराश्य होतं, त्यांचे दुखण्याचे दिवस आणखी जास्त होते.

या घरात काढलेल्या दुखण्याला आपल्याकडे एक जोड मिळते, ती अविश्वासाची. सिकलसेलची वेदना बाहेरून दिसत नाही. जखम नाही, सूज असली तर थोडी, ताप असेलच असं नाही. काल शाळेत जाणारा मुलगा आज अंथरुणातून उठत नाही म्हटल्यावर ‘नाटक करतोय’, ‘कामाचा कंटाळा आलाय’ असे शेरे ऐकू येतात. मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाचं काय, ही चिंता सगळ्या घराला लागते. तपासणीचा अहवाल लपवला जातो. म्हणजे आजार एक आणि त्याच्याभोवती ताणाचे चार पदर.

ताण आणि शरीर यांच्या नात्याचा अभ्यास तसा शंभर वर्षांहून जुना आहे. धोका दिसला की अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळतं, छाती धडधडते, पळायला किंवा लढायला स्नायूंना रक्त मिळावं म्हणून कातडी आणि आतडी यांच्याकडचं रक्त कमी होतं, हे हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं. 1936 मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये मांडले. इजा कोणतीही असो, थंडीची, विषाची वा अतिश्रमाची, शरीराचा प्रतिसाद सारखाच असतो, तो लांबला तर अधिवृक्क ग्रंथी फुगतात, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. मेंदूकडून निघालेला संदेश पियूषिका ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडलं जातं. चार घटका ते उपयोगी असतं. महिनोन्‌महिने चढं राहिलं की झोप, रक्तदाब, रक्तातली साखर आणि प्रतिकारशक्ती, सगळ्याची घडी विस्कटते.

हे शब्दशः जखमेवर मोजलं गेलं आहे. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरून यायला किती दिवस लागतात ते पाहिलं. तेवढ्याच वयाच्या, असा भार नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी 9 दिवस जास्त लागले. हे 1995 चं काम. त्याच्या चार वर्षं आधी, 1991 मध्ये, शेल्डन कोहेन यांच्या अभ्यासात 394 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले होते. ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. विषाणू सगळ्यांना मिळाला होता, फरक अंगाच्या तयारीत होता. हृदयाबद्दल 2004 मध्ये 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानं हेच सांगितलं. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांच्या रांगेत मानसिक-सामाजिक ताणही हृदयविकाराच्या झटक्याचं एक ठळक कारण म्हणून उभा राहिला.

नंदुरबारमध्ये ताण म्हणजे काय, हे पाहायचं तर दिवाळीनंतरच्या दिवसांकडे पाहावं लागतं. शेतीची कामं उरकली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागांतली कुटुंबं गाड्या भरून दक्षिण गुजरातकडे निघतात. बारडोली आणि आसपासच्या साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय परतता येत नाही. फडाशेजारी प्लास्टिकचं पाल, पहाटेचा गारठा, दिवसभर वाकून तोडणी, पाणी मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढं. सिकलसेलच्या रुग्णानं जे टाळायचं, ते सगळं या एका हंगामात एकत्र येतं. दुखायला लागलं तरी खाडा परवडत नाही. डोक्यावर उचलीचा हिशेब, जवळ ना ओळखीचा दवाखाना ना सिकलसेलचं कार्ड पाहून आजार ओळखणारी आशाताई.

ताणाचा दुसरा मार्ग इथे दिसतो. संप्रेरकांमार्फत तो थेट शरीरावर चालून येतोच, पण सवयी बदलूनही येतो. झोप तुटते, जेवण टळतं, बिडी-तंबाखू वाढते, अंगदुखी मारायला दारू लागते, गोळ्या राहून जातात. या दोन मार्गांची फारकत करणं अवघड असतं, आणि रुग्णाच्या दृष्टीनं तिचा उपयोगही नसतो.

ताणाचा शरीरावरचा परिणाम सिकलसेलपुरता नाही. तान्ह्या बाळाच्या आईचं उदाहरण घ्या. बाळ ओढू लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा फुटतो. 1948 मध्ये नाइल्स न्यूटन आणि त्यांचे पती मायकेल न्यूटन यांनी याचा प्रयोग केला, आणि प्रयोगातली आई होत्या खुद्द नाइल्स. बाळाला पाजताना कधी त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले गेले, कधी त्यांना गणितं घातली गेली. अशा वेळी बाळाला दूध कमी मिळालं, आणि ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिल्यावर पुन्हा जवळजवळ पूर्ववत झालं. म्हणजे दूध होतं, ते उतरत नव्हतं. कुपोषणामुळे वर्षानुवर्षं बातम्यांत राहिलेल्या या जिल्ह्यात बाळाच्या वजनाच्या नोंदीइतकीच आईच्या मनःस्थितीची चौकशी का व्हायला हवी, ते या साध्या प्रयोगावरून कळतं.

मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे सातपुड्यातल्या माणसाला नवं नाही. दुखणं आलं की आधी बडव्याकडे किंवा भगताकडे जायचं, हा जुना शिरस्ता. तो दाणे टाकतो, कारण सांगतो, धीर देतो. त्यानं बरं वाटतं, हे अनेकांचं म्हणणं खोटं नसतं. आराम पडेल या विश्वासानं मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर हे तपासलं. मेंदूतल्या या वेदनाशामकांचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर, खोट्या गोळीनं मिळणारा आरामही नाहीसा झाला. पण धीरानं वेदना उतरली तरी वाकलेली पेशी सरळ होत नाही, फुप्फुसातला संसर्ग हटत नाही, आणि त्यात गेलेला वेळ जिवावर बेततो.

याच विश्वासाची काळी बाजू म्हणजे डाकीण ठरवण्याची प्रथा. पाड्यावर मूल दगावतं, धडधाकट तरुण एकाएकी पिवळा पडून झुरत जातो, आणि कारण विचारल्यावर बोट एखाद्या बाईकडे वळतं. बहुतेक वेळा ती एकटी, विधवा, नाहीतर जिच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे अशी असते. तिच्या नजरेची गावाला धास्ती बसते, आणि धास्तावलेल्या माणसाला खरोखरच भूक लागत नाही, झोप येत नाही, छातीत धडधडतं. कॅनन यांनी 1942 मध्ये जादूटोण्याच्या भीतीनं येणाऱ्या मृत्यूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातल्या काही उदाहरणांबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, पण अपाय होणार या समजुतीनं अपायाची लक्षणं उमटतात, हे आज मान्य झालेलं आहे. भीतीनं लक्षणं येतात, आणि लक्षणं पाहून भीती खरी ठरते.

सगळ्यात मोठी किंमत मोजते ती आरोप झालेली बाई. बहिष्कार, मारहाण, कधी हत्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी सातपुड्याच्या पाड्यांवर या प्रथेविरुद्ध अनेक वर्षं काम केलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, गुरांचं दूध आटवते किंवा रोगराई पसरवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. गावानं वाळीत टाकलेल्या माणसाचं आरोग्य कसं ढासळतं, याचाही पुरावा आहे. ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांची नाती घट्ट, त्यांची तगून राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. होळीसाठी ऊसतोड मजूर धडपडत गावी परततात, काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतात, त्यात माणसाला माणूस भेटण्याचा हा लाभही आहे.

एवढं सगळं सांगितल्यावर एक इशाराही द्यायला हवा. जे कळत नाही ते मनाच्या माथी मारायची वैद्यकाला जुनी खोड आहे. जठरातला व्रण म्हणजे काळजी करणाऱ्यांचा आजार, असं कित्येक दशकं समजलं जायचं. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचं दाखवलं. मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज बहुतांश व्रणांवर प्रतिजैविकांचा उपचार होतो. तेव्हा सिकलसेलच्या रुग्णाला ‘ताण घेतोस म्हणून दुखतं’ असं म्हणणं हे ‘नाटक करतोस’चंच सभ्य रूप ठरेल. आजार जनुकाचा आहे. ताण फक्त त्याला भडकवू शकतो. ताप, छातीत दुखणं, धाप, एकाएकी आलेला अशक्तपणा, यांपैकी काहीही दिसलं तर मनाची चर्चा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं असतं.

उपचारही आहेत. हायड्रॉक्सियुरियानं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत त्यानं वेदनांचे हल्ले जवळपास निम्म्यावर आले होते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचं उच्चाटन, हे त्याचं लक्ष्य. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नर्मदाकाठच्या, रस्ता न पोहोचणाऱ्या पाड्यांसाठी तरंगते दवाखानेही चालवले गेले आहेत.

या सगळ्यात मनाची बाजू जोडायला फार मोठा खर्च येणार नाही. तपासणी करतानाच झोप लागते का, कशाची भीती वाटते, घरी कुणी ऐकून घेतं का, हे विचारता येईल. अहवाल हातात देताना लग्नाबद्दल, मुलांबद्दल नीट बोलता येईल, तेही भिलोरी किंवा पावरी जाणणाऱ्या कार्यकर्त्यामार्फत. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला गोळ्यांचा साठा आणि तिकडच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता देता येईल. शाळेत शिक्षकांना सांगता येईल की, हा मुलगा थंडीत कोपऱ्यात बसला तर त्याला मैदानावर हाकलू नका, आणि वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या. घरच्यांनी करायचं काम त्याहून सोपं आहे. दुखतंय म्हटलं की विश्वास ठेवायचा.

आणि सिकलसेल असो वा नसो, धास्ती, उदासी, निद्रानाश यांनी जीव नकोसा झाला असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक जवळ ठेवावा. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.